उसना दिलेला गोलकीपर

१४ ऑक्टोबर

ताई,

नमस्कार. तुझी तब्येत ठीक आहे हे मला ठाऊक आहे, कारण बिघडली असती तर तुझ्या खोलीखालच्या बटणांच्या दुकानवाल्याने मला तासाभरात फोन केला असता. इकडे आम्हीही बरे आहोत. तुझ्या भावजयीचा खांदा सुटला, हात आता डोक्याच्या वर जातो. टायर कारखान्याच्या छपराचं काम एकदाचं उरकलं.

तुझ्या खांबूला आपल्या फुटबॉल क्लबातून दुसऱ्या क्लबला लोनवर, म्हणजे उसना, दिला तेव्हा मी तुला म्हणालो होतो, यात आपलं नुकसान काहीच नाही. दोन महिने झाले, आता खरा हिशेब मांडतो. जमेला: त्याचा अर्धा पगार तो क्लब देतो, तेवढे आपले वाचले. खर्चाला: एक भाचा. त्याच्यामागोमाग तिसऱ्या दिवशी एक बहीण, ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन. वरच्या मजल्यावरचा तुझा खडखडाट थांबल्यापासून मला साडेपाचला जाग येत नाही, साडेसहाला येते, म्हणजे रोजचा एक तास बुडाला. पडदे बाहेर शिवायला द्यावे लागतात आणि तो माणूस टाके लांबलांब घालतो. जेवताना तुझी भावजय मला मीठ हवंय का एवढंच विचारते. या बाबतीत ती तुझ्या बाजूची आहे.

तू दहा मिनिटांवर राहतेस आणि मी तुला पोस्टाने पत्र पाठवतोय, याचं पोस्टातल्या बाईला हसू आलं. पण दार वाजवलं तर तू उघडत नाहीस. पाकीट मात्र तू न फोडता ठेवणार नाहीस, विजेचं बिल आलं तरी तू उत्सुकतेने फोडतेस.

तेव्हा जे तू ऐकून घेतलं नाहीस ते लिहितो. तू स्वयंपाकघरातून ओरडली होतीस, माणूस काय जॅक आहे का, शेजारच्या गॅरेजला उसना द्यायला? आणि उत्तराला थांबली नाहीस.

उत्तर असं आहे. आपल्या क्लबात गोलकीपर कप्तान आहे. चौतिशीचा झाला, पण दर शनिवारी तोच उभा राहतो आणि अजून त्याला हलवावं असं काही त्याने केलेलं नाही. गोलात एकच माणूस लागतो. खांबू एकवीसचा, बाकावर बसून. न चालवलेला कॉम्प्रेसर कसा आतून गंजतो ते तुला सांगायला नको. म्हणून अशा मुलाला एका मोसमापुरतं दुसऱ्या क्लबकडे द्यायचं. खेळतो तिकडे, करार राहतो आपल्याकडे, आणि तीस जूनला माणूस परत. सगळीकडे असंच चालतं.

आता तो क्लब कोणता, यावरून तू जास्त चिडलीस. बंदराकाठचा, गाडीने चार तासांवरचा. त्यांच्या मालकाने क्लबच्या नावावर कर्ज काढून स्वतःला घर बांधलं आणि एका सकाळी तो किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेला. कोर्टाने तिथे एक माणूस बसवला आहे, तोच सगळे पैसे हातात धरतो. गरम पाणी बंद. दोन गोलकीपर होते, दोघेही पगार नाही म्हणून गेले. अशा क्लबाला बाहेरून खेळाडू उसने घ्यायची सवलत मिळते.

इथे मी बोललो, ताई. लीगच्या मीटिंगमध्ये वीस क्लबांचे मालक बसले होते, त्यात निम्मे बापाच्या पैशावर मालक झालेले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, समजा एक गॅरेजवाला आपल्या माणसांचे पगार देत नाही, रबराचे पैसे बुडवतो. आणि वर माझंच मशीन फुकट नेऊन माझंच गिऱ्हाईक कमी भावात पळवतो. मी मात्र एक तारखेला झाडूवाल्यापासून सगळ्यांचे पगार चुकते करून मागे पडायचं. हा न्याय आहे का? बुडत्या क्लबाला मदत करा, पण फुकट नको. जो खेळाडू घेईल त्याने मोल द्यावं. टाळ्या पडल्या. ज्यांच्या बापाचे पैसे होते त्यांनीही वाजवल्या.

बोललो तसं कागदावर आणलं. खांबू जेवढे सामने खेळेल तेवढी दर सामन्याची फी ते आपल्याला देतील. आणि आपल्याविरुद्ध तो खेळणार नाही. ही दोन्ही कलमं मी डिलिव्हरीच्या पावतीमागे लिहिली, वकिलाने नुसती टाइप केली. पंक्चर काढायला बसलो तेव्हापासून आजवर मी न वाचता एकाही कागदावर सही केलेली नाही आणि माझ्या कपाटात मुदत उलटून गेलेला कागद तुला शोधून सापडणार नाही. लीगमध्ये मला सगळे यासाठी ओळखतात.

खांबूचं म्हणशील तर मजेत आहे. पहिले दोन सामने खेळला. मग गुडघा दुखतो म्हणाला, म्हणून सध्या बसवला आहे. काळजीचं काही नाही. आपला डॉक्टर जाऊन पाहून आला, म्हणतो गुडघ्यात काहीच नाही, सूजही नाही. मी फोनवर विचारलं, कोणता गुडघा? तर डावा म्हणाला. परवा विचारलं तर उजवा.

तुला आठवतं, मी ट्यूब पाण्यात न बुडवता कानाला लावून भोक शोधायचो. तसं त्याच्या आवाजात कुठेतरी बारीक हवा जाते आहे, पण भोक हाताला लागत नाही. तुला काही म्हणाला असेल तर कळव.

मशीन खिडकीपाशी ठेवलं आहेस ना? त्या खोलीत उजेड कमी असेल. 

तुझा धाकटा भाऊ
(आणि क्लबचा अध्यक्ष)


२३ जानेवारी

ताई,

नमस्कार. उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे वाचलंस. थंडी फार आहे. तुझ्या खोलीत हीटर चालतो हे बटणवाल्याने सांगितलं. त्याच्यावर रागावू नकोस, मी रस्त्यात गाठून विचारलं होतं.

गेल्या मंगळवारी मी बंदरावर जाऊन आलो. न सांगता गेलो. आधीच सांगितलं की माणसं टेबल पुसून ठेवतात आणि मग काही दिसत नाही.

सरावाच्या मैदानाला विटांची भिंत आहे. गेटाकडे जायच्या आधी मी भिंतीला टेकून उभा राहिलो. पलीकडे बॉल हातमोज्यांवर बसत होता. धप्, मग थोडं थांबून धप्. मला लगेच कळलं की हा खांबू. तो बॉल आधी छातीशी घेतो आणि मग श्वास सोडतो, लहानपणी आपल्या अंगणात असाच करायचा. अर्धा तास मी तिथे उभा होतो. थंडीत पाय बधिर झाले तरी हललो नाही. गुडघा बरा झाला, आता तुला काय लिहायचं तेही मनात जुळवलं.

मग गेट उघडून आत गेलो. गोलात त्यांचा सराव घेणारा मास्तर उभा होता. पूर्वीचा वेल्डर, पन्नाशीचा, पोट सुटलेलं. गोलकीपर उरला नव्हता, म्हणून मुलांना बॉल मारायला तोच उभा राहत होता.

कोणाला सांगू नकोस.

खांबू कुठे आहे विचारलं, तर एका मुलाने धुलाईच्या खोलीकडे बोट दाखवलं. तिथे तो नव्हता, पाण्याच्या बादल्या आणायला गेला होता. दोन बायका जर्सी पिळत होत्या. एक तरुण, एक साठीची. माझ्या अंगावर कारखान्याचा कोट होता. साठीच्या बाईने मला वरपासून खाली पाहिलं आणि म्हणाली, आलात एकदाचे. तिला वाटलं मी बॉयलर बघायला आलोय. मी नाही म्हणालो नाही. बॉयलरपाशी बसलो आणि खरंच बघायला लागलो. वॉशर गेला होता, एवढंच. तो बदलेपर्यंत ती बोलत होती आणि मी ऐकत होतो.

नियम असा आहे, ताई, आणि तो मला पाठ आहे कारण मीच मीटिंगमध्ये त्याच्या बाजूने हात वर केला होता. बुडत्या क्लबाने आधी दुसऱ्या क्लबांची देणी द्यायची. मग खेळाडूंचं. त्यातून उरलं तर बाकीच्यांचं. कोर्टाचा माणूस सरळ आहे, नियमाने चालतो. दर सोमवारी तो फळ्यावर एक कागद लावतो, या आठवड्यात कोणाला मिळाले आणि कोणाला नाही. खांबूने पहिला सामना खेळला, माझी फी आधी माझ्याकडे गेली. दुसरा खेळला, पुन्हा गेली. सोमवारी फळ्यावर लिहिलं होतं: धुलाई, दोघी, पुढच्या आठवड्यात बघू.

खांबू त्या कागदापुढे बराच वेळ उभा राहिला म्हणे. मग कोर्टाच्या माणसाकडे जाऊन त्याने दोनच आकडे विचारले. एका सामन्याची माझी फी किती, आणि या दोघींचा आठवड्याचा पगार किती. आकडे जवळजवळ सारखेच होते. त्या शनिवारी त्याचा गुडघा दुखायला लागला.

हे मास्तरला माहीत आहे. त्या दोघींनाही माहीत आहे. त्यांनी त्याला सांगून पाहिलं, बाबा तू खेळ, आमचं आम्ही बघू. तो म्हणतो, नाही हो मावशी, गुडघाच दुखतो. आणि रोज येऊन त्यांच्या बादल्या भरतो.

"त्याचा मामा म्हणे मोठा माणूस आहे," ती म्हणाली. "टायरवाला."

असेल, मी म्हणालो.

"मोठाच असणार. खेळतो हा, पैसे घेतो मामा, आणि पगार जातो आमचा. एवढं जुळवायला डोकं लागतं."

मी वॉशर घट्ट केला. पाणी गरम यायला लागलं. तिने मला किती झाले विचारलं, मी म्हणालो काही नाही. ती म्हणाली, असं कसं, फुकट नको. ताई, माझंच वाक्य. मी एक नाणं घेतलं. अजून कोटाच्या खिशात आहे, खर्च करवत नाही.

मग खांबू आला. उंची आणखी वाढल्यासारखी वाटली, पण बहुतेक तो वाळला आहे. मला पाहून थबकला, बादल्या जपून खाली ठेवल्या, हात पँटला पुसले आणि वाकून नमस्कार केला. त्या साठीच्या बाईच्या हातातली जर्सी तशीच राहिली. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत गेलो, कारण मी गाडी लांब लावली होती आणि ते त्याला सांगितलं नव्हतं.

मी विचारलं, गुडघा कसा आहे?

"कोणता?" तोच म्हणाला आणि हसला. मलाही हसू आलं. तेवढंच एक मिनिट बरं गेलं.

मी म्हणालो, मला एक फोन करायला काय झालं होतं.

"काय सांगणार, मामा? तुमचं मीटिंगमधलं बोलणं मी ऐकलंय. बरोबरच आहे ते. जो पैसे देत नाही त्याला फुकट मिळू नये." तो पुढे म्हणाला, "फक्त, ज्याने द्यायचे होते तो निघून गेलाय. आता तिथे आम्हीच आहोत."

त्याने मला अहोजाहो केलं. चौथीपर्यंत जो माझ्या खांद्यावर बसून वर्कशॉपमध्ये यायचा, तो. आणि 'आम्हीच' म्हणाला, त्यात मी नव्हतो.

पळालेल्या मालकाला मी दंड ठोकला होता. तो वसूल झाला दोन धुणाऱ्या बायकांकडून आणि एका मुलाकडून. कलम चुकीचं नाही, आजही मला कोणी विचारलं तर मी ते बरोबर आहे असंच म्हणेन. फक्त ते ज्याच्यासाठी लिहिलं तो तिथे नाही, आणि जे तिथे आहेत त्यांच्यासाठी ते लिहिलं नव्हतं.

आता मला झोप का लागत नाही ते ऐक. एकतीस जानेवारीला खेळाडूंचे कागद बदलायची मुदत संपते. त्याच्या आत मी ते फीचं कलम काढू शकतो. नंतर कोणालाच काही बदलता येत नाही. काढलं तर खांबू खेळेल. नाही काढलं तर मोसमभर बसेल, आणि या वयात वर्षभर न खेळलेल्या गोलकीपरला कोणी दारात उभं करत नाही. तो संपला, ताई. मी ज्यांना पाहिलंय ते असेच संपले, कोणाचं कोणाशी भांडण न होता.

पण दुसरी बाजूही आहे. यादीत शेवटून तिसरे आपण आहोत. आपल्या खाली, दोन गुणांनी, ते. मोसमाच्या शेवटी खालचे दोन क्लब खालच्या लीगमध्ये जातात. त्यांच्याकडे गोलात सध्या एक बचावपटू उभा राहतो, चाळणी आहे नुसती. तिथे खांबू उभा राहिला तर ते वर चढतील, आणि ते चढले तर खाली जायला आपणच उरतो. आपल्याकडेही धुणाऱ्या दोघी आहेत. बस चालवणारा आहे. कप्तानाचं हे शेवटचं वर्ष. त्यांच्यासाठी न्याय कोणता? हा प्रश्न मी मीटिंगमध्ये विचारला असता तर टाळ्या पडल्या नसत्या, सगळे चहाला उठले असते.

आणि दोन गोष्टी ज्या मी ऑक्टोबरमध्ये लिहिल्या नाहीत.

पहिली. खांबू खेळत नाही हे मला त्याच्याकडून कळलं नाही, डॉक्टरकडूनही नाही. तिसऱ्या सामन्याची फी आली नाही, त्यावरून कळलं. मी आधी त्यांच्या कोर्टाच्या माणसाला फोन केला, पैसे का अडकले म्हणून. मुलाला नंतर केला.

दुसरी. त्याला डोंगरापलीकडच्या मोठ्या क्लबानेही मागितलं होतं. गवत गालिच्यासारखं, पगार वेळेवर, गोलकीपरांसाठी वेगळा मास्तर. मी नाही म्हणालो. तुला सांगितलं की त्यांचा भाव पटला नाही. भाव चांगला होता. पण तिथे गेलेला मुलगा परत येत नाही. म्हणून मी मुद्दाम असा क्लब शोधला की जिथे कोणी राहणार नाही. नळाला गरम पाणी नाही, तिथे कोण राहील? वर्ष काढेल आणि घरी येईल, असं मी धरून चाललो होतो.

आठ दिवस आहेत. तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, तरी तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. पूर्वी मी जिन्याखालून ओरडून विचारायचो आणि तू मशीन न थांबवता उत्तर द्यायचीस.

तुझा धाकटा


३ जुलै

ताई,

नमस्कार. हे पत्र नव्या पत्त्यावर टाकतोय. पत्ता तुझ्या भावजयीच्या वहीतून उतरवून घेतला, तिला न विचारता.

तुझं सामान बंदरावर गेलं ते मला ट्रकवाल्याकडून कळलं. तो आपलंच गिऱ्हाईक, त्याच्या मागच्या चारही टायरांवर रबर मीच चढवलंय. तू म्हणे त्याला तीनदा सांगितलंस, मशीन आहे, खड्ड्यात हळू घे. तो म्हणाला, तुमची बहीण फार कडक आहे. मी त्याचे पुढचे दोन टायर फुकट करून दिले, आणि त्याला कारण काही कळलं नाही.

जानेवारीतलं सांगायचं राहिलं. एकतीसला संध्याकाळी पाच वाजता मी वकिलाकडे गेलो आणि फीच्या कलमावर रेघ मारली. त्याने विचारलं, पक्कं ना? मी म्हणालो, टाइप कर आणि पाठव, माझा विचार बदलायच्या आत. मोठेपणा नाही यात. त्या आठ दिवसांत सहा वेळा मी नाही असं ठरवलं होतं. दुसरं कलम, आपल्याविरुद्ध त्याने खेळायचं नाही, ते मी तसंच ठेवलं. तेवढा मोठा मी नाही. आपल्या त्यांच्याशी झालेल्या सामन्यात तो बाहेर बसला, त्यांचा बचावपटू गोलात राहिला आणि आपण एका गोलने जिंकलो. जिंकल्यावर माझ्या पाठीवर थापा पडल्या. मी वर प्रेक्षकांत बघत होतो. तू तिथे होतीस. निळी शाल. तू माझ्याकडे पाहिलंस की नाही ते मला तेवढ्या अंतरावरून कळलं नाही.

बाकी चौदा सामने तो खेळला. मी सगळे कारखान्यात रेडिओवर ऐकले. सात सामन्यांत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. रेडिओवाला त्याचं आडनाव चुकीचं उच्चारायचा, शेवटी मी रेडिओ केंद्राला फोन करून सांगितलं, तर त्याने विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, ऐकणारा.

शेवटच्या शनिवारी ते एका गुणाने वाचले आणि आपण खाली गेलो. कप्तान आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, मग एका सकाळी येऊन म्हणाला, पोरगा खरंच चांगला आहे हो. त्याने हातमोजे कायमचे ठेवले. आपल्या धुणाऱ्या दोघींपैकी एकीला मी कारखान्याच्या ऑफिसात घेतलं. दुसरी क्लबात आहे, पगार कारखान्यातून जातो. बसवाल्याला सध्या अर्धंच काम आहे. किती दिवस जमेल ते माहीत नाही. लीगच्या मीटिंगमध्ये आता मी मागच्या रांगेत बसतो, खालच्या लीगवाल्यांची जागा तिथे आहे. बुडत्या क्लबांचा विषय पुन्हा निघाला, कोणीतरी माझंच भाषण माझ्यापेक्षा चांगलं केलं. मला बोलायला सांगितलं तर मी म्हणालो, आधी फळ्यावरचा कागद वाचून या. कोणाला काही समजलं नाही.

तुझं आणि तुझ्या भावजयीचं फोनवर बोलणं होतं हे मला कळतं. फोन आला की ती गच्चीवर जाते आणि स्पीकर लावते. गच्चीखाली माझी खिडकी आहे. गेल्या रविवारी तू तिला विचारलंस, तो वेळेवर जेवतो का? ती हो म्हणाली. खोटं बोलली, पण मला बरं वाटलं. त्यानंतर तुम्ही दोघी कशाला तरी बराच वेळ हसलात, ते मात्र मला नीट ऐकू आलं नाही.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी खांबूची खोली रंगवून घेतली. पलंग लांब करून घेतला, त्याचे पाय बाहेर यायचे. कप्तान गेला, म्हणजे गोल त्याचाच. खालच्या लीगमध्ये का होईना, पण आपल्या मैदानावर, आपल्या गेटातून. मनात मी तुलाही त्याच ट्रकमधून परत आणली होती. वरची खोली झाडून ठेवली होती, खिडकी घासली होती. तीस तारखेला मी दिवसभर क्लबाच्या गेटपाशी खुर्ची टाकून बसलो. पहारेकऱ्याला सांगितलं, हवा खातोय. संध्याकाळी तो म्हणाला, साहेब, हवा गेली, आता घरी जा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. आधी त्याने माझी चौकशी केली, मग मामीची, मग कारखान्याची. मग म्हणाला की त्याने तिथेच सही केली, दोन वर्षांसाठी. कोर्टाचा माणूस आता जाणार आहे, गावातल्या लोकांनी मिळून क्लब घेतला. पगार कमी आहे पण धुलाईपासून सगळ्यांना एकाच दिवशी मिळतो. आईला दोन खोल्या घेतल्या, समुद्र दिसतो.

मी म्हणालो, अरे पण सही करशील कशी? लोन संपलं, तुझा मूळ करार माझ्याकडे आहे. मी सोडल्याशिवाय तुला कुठे जाता येणार नाही.

मग अगदी हळू म्हणाला, "मामा, तोही कालच संपला. तारीख बघ ना तू."

मी कपाट उघडलं. आपल्याकडे बावीस खेळाडू. दर मार्चमध्ये मी प्रत्येकाचा कागद बघतो, कोणाचा संपतोय, कोणाला वाढवायचं, आणि तसं त्याला पत्र जातं. फाइलीत एकवीस पत्रांच्या नकला आहेत. खांबूच्या नावाचं एकही नाही. घरच्या मुलाला कसलं पत्र पाठवायचं, म्हणून मी त्याचा कागद कधी बाहेरच काढला नव्हता. त्यावर तीस जून लिहिलं आहे. तीन वर्षांपूर्वी सही केली तेव्हापासून तेच लिहिलं आहे, आणि खाली सही माझीच आहे.

तुझा धाकटा